वजा एक

९ जानेवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. फोन का केला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी भरभर बोलते, हे तूच सांगतेस. म्हणून पत्र.

मला नोकरी लागली, आणि कुठे, तर तुझ्याच जुन्या पालिकेत. पदाचं नाव 'समता व समावेशन अधिकारी'. पाटी रंगवणाऱ्याला ते एका ओळीत बसवता आलं नाही, त्यामुळे 'अधिकारी' खाली एकटाच लटकतोय. ज्यांना या शहरात आजवर कुणी विचारलं नाही त्यांना कारभारात जागा करून द्यायची, हे माझं काम. म्हणजे मुख्यतः आपली पुलापलीकडची वस्ती. मी मूळची तिथली म्हटल्यावर मुख्याधिकारी साहेबांचे डोळेच चमकले. आता माहितीपत्रकावर माझा फोटो आहे. दात जरा जास्तच दिसतायत.

आई सांगायची, मावशी पालिकेत होती. त्यापुढे ती बोलायची नाही. तू टाइपिस्ट होतीस ना गं? कुठल्या खोलीत बसायचीस ते कळव, मी जाऊन बघीन.

एक विचित्र गोष्ट सांगते. काल मासिक सभा होती. सभागृहात सदस्यांच्या एकतीस खुर्च्या अर्धगोलात आहेत आणि डावीकडच्या खांबाला टेकून एक बत्तिसावी. तिच्यावर कुणी बसत नाही, पिशवीसुद्धा ठेवत नाही. मतदान हात वर करून होतं. बाजूने किती तेवढंच मोजतात, सोळा झाले की ठराव मंजूर. मोजणारे सभालिपिक निवृत्तीला आलेत, सगळे त्यांना मोजणीकाका म्हणतात. मी त्यांच्या मागे बसले होते. त्यांनी हात मोजले, पुटपुटले, "अठरा. वजा एक," आणि मोठ्याने सांगितलं, "सतरा." पुढच्या ठरावाला तेच. त्याच्या पुढच्यालाही.

मी स्वतः मोजून बघितलं. हात मोजले की एक जास्त येतो, तोंडं मोजली की बरोबर येतात. आणि हात वर जातात ना, तेव्हा खांबाकडून बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरल्यासारखा आवाज येतो.

काकांना विचारलं, तर म्हणाले, "पद्धत आहे." तुझ्या वेळी होती का ही पद्धत?

तुझी,
भिंगरी

२० जानेवारी

भिंगरी,

अभिनंदन. फोटो पाठव, दात मी मोजते.

मी कुठल्या खोलीत बसायचे ते शोधत फिरू नकोस. खोली नव्हती. तुझ्या आईने सांगितलं तेवढं पुरे आहे. नवी नोकरी आहे, डोकं खाली घालून काम कर. आणि त्या खांबाजवळ उभी राहू नकोस, तिथे वारा लागतो.

माझं म्हणशील तर वयाप्रमाणे चाललंय. उजव्या हाताने मात्र छळ मांडलाय. बसल्याजागी आपोआप वर जातो. पूर्ण वर, वर्गात उत्तर येणाऱ्या पोरीसारखा. खाली ओढावा तर दगडासारखा जड. मग थोड्या वेळाने स्वतःच खाली येतो. डॉक्टर म्हणतात शीर दबली असेल. आठ तारखेला दुपारी बसथांब्याच्या बाकावर ऊन खात बसले होते, तर गेला वर. बस थांबली. चालकाने दार उघडलं आणि म्हणाला, "चला आजी." मी कुठे जाणार होते? म्हटलं, "जा बाबा, माझा हात बिघडलाय." सगळी बस हसली. मलाही हसू आलं, पण घरी आल्यावर नाही आलं.

असो. स्वेटर घालत जा.

तुझी मावशी

१४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

हाताला शेक दे. आणि ऐक, खुर्चीचं कळलं.

इथे सगळ्यांना माहीत आहे, पण विचारलं की अळीमिळी गुपचिळी. शेवटी झाडणाऱ्या ताईंनी सांगितलं. फार वर्षांपूर्वी पुलापलीकडच्या वस्तीतून एका बाईला 'सल्लागार सदस्य' म्हणून सभागृहात घेतलं होतं. तेव्हा पालिकेची फार वाहवा झाली म्हणे. तिला बसायचा अधिकार होता, विचारलं तर बोलायचा होता, मताचा नव्हता. पण ती प्रत्येक ठरावाला हात वर करायची. मोजताना तिचा हातही मोजला जायचा, मग अध्यक्ष चिडायचे, म्हणून काकांनी ठरवून टाकलं: सगळे हात मोजायचे आणि एक वजा करायचा. पुढे एका सभेत त्याच खुर्चीवर बसल्याबसल्या तिचा जीव गेला. तेव्हापासून माणूस नाही, पण हात येतो. आणि काका वजा करतात.

मावशी, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही, तुला ठाऊक आहे. पण मी खांबाच्या बाजूने जात नाही आता.

आता कामाचं. मी ठराव आणतेय. वस्तीला एक पूर्ण जागा, मताच्या अधिकारासह. एप्रिलच्या सभेत येईल. आत्ताच्या घडीला पंधरा सदस्य बाजूने आहेत, एक कमी पडतोय. साहेबांना ठरावापेक्षा पितळी पाटीची घाई आहे. खांबावर लावायची, 'दिवंगत सल्लागार सदस्या यांच्या स्मरणार्थ'. म्हणतात, समावेशन लोकांच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. तू त्या बाईंना बघितलं असशील. कशा होत्या?

तुझी,
भिंगरी

२३ फेब्रुवारी

भिंगरी,

मी मेले असं कुणी सांगितलं तुला?

पाटी बनवायला टाकली असेल तर थांबव. पितळ महाग असतं.

टाइपिस्ट म्हणे. मला टाइप करता येत नव्हतं आणि येत नाही. खांबाजवळची ती खुर्ची माझी. पहिल्या दिवशी हार घातला, फोटो काढला, आणि त्यानंतर मला कुणी काही विचारलंच नाही. विचारलं तर बोलायचं, हा नियम. मग मी काय करणार? हात वर करायचे. प्रत्येक ठरावाला. पटो न पटो. गटार असो, दिवे असोत, अध्यक्षांच्या गाडीचं टायर असो. मी इथे बसलेय, एवढाच माझा ठराव होता. आणि पाठीमागून दर वेळी तेच ऐकायचं, वजा एक. तुझे काका तेव्हा तरुण होते. आवाज गोड होता मेल्याचा.

मग पुलाचा ठराव आला. पूल अरुंद होता, आगीचा बंब पलीकडे जात नव्हता. रुंद करायचा म्हणून मी घरोघरी, सदस्यांच्या दारोदार फिरले होते. हात मोजले, सोळा झाले. मी मनात म्हटलं, झालं. आणि मग वजा एक.

पुढच्या उन्हाळ्यात वस्तीत आग लागली. तुझ्या आजीला धुराने नेलं, हे तुझ्या आईने तुला सांगितलं असेल. बंब पुलाच्या अलीकडे घंटा वाजवत उभा होता, हे सांगितलं नसेल. तिला ते तोंडातून काढवत नव्हतं. मलाही आज पहिल्यांदा लिहितेय.

त्यानंतरच्या सभेला मी गेले, बसले, उठले आणि जी निघाले ती थेट इकडे आले. कुणी थांबवलं नाही. माझा जीव तिथे गेला असं ते म्हणत असतील तर अगदीच खोटं नाही.

आता मला त्यात ओढू नकोस.

मावशी

२ मार्च

मावशी,

तुझं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यावर बसून रडले. आईने मला आजी आजारी होती असं सांगितलं होतं. काल पुलावर जाऊन उभी राहिले. अजून तेवढाच आहे.

पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. तुझा हात वर गेला ती आठ तारीख, आणि आमची सभाही आठलाच होती. फेब्रुवारीत सभा बाराला होती. त्या दुपारी हात गेला होता का? खरं सांग. आणि त्या बांगड्या. लहानपणी तू आमच्याकडे यायचीस तेव्हा जिन्यावरूनच त्यांचा आवाज यायचा आणि मी दार उघडायला पळायची. तोच आवाज आहे, मावशी. तू इथून गेलीस, पण तुझा हात इथेच राहिलाय.

म्हणून मागते. एप्रिलच्या सभेला पंधरा पक्के आहेत. तुझा हात सोळावा. मी काकांच्या हातापाया पडते, त्या दिवशी फक्त वजा करू नका म्हणते. तू तुझा हात जाऊ दे, बस. ज्या मोजणीने तुला पाडलं त्याच मोजणीत तुला जिंकवते.

भिंगरी

९ मार्च

भिंगरी,

हो, बाराला गेला होता. भाजीवाल्यासमोर. त्याला वाटलं मी भावावरून मारतेय.

बांगड्या मी केव्हाच काढून टाकल्या. त्यांचा आवाज तिथे येतो हे वाचून मला घरात एकटीला बसवेना, शेजारणीकडे जाऊन बसले. मी इथे बसून जेवतेय, झोपतेय, आणि माझाच एक तुकडा तिथे त्या खांबाला टेकून बसलाय. महिन्याच्या महिन्याला उठतोय, मोजला जातोय, वजा होतोय. जिवंत माणसाने हे कुणाला सांगायचं?

आणि तुझी युक्ती मला अजिबात आवडली नाही. जिवंत होते तेव्हा मला मोजलं नाही. आता भूत म्हणून मोजणार? नको. उद्या कुणी म्हणेल, वस्तीची जागा खोट्या मताने आली, आणि ते बरोबरच असेल. सोळावा माणूस शोध. हाडामांसाचा.

छत्रीवाल्याकडे जा. तो आता सदस्य आहे असं ऐकलं. त्याचं दुकान पुलाच्या तोंडाशी होतं. बंब त्याच्या दारात उभा होता. त्याने सगळं बघितलंय. भाषण करू नकोस, पुढ्यात बस आणि एवढंच विचार की घंटा आठवते का.

मावशी

२८ मार्च

प्रिय मावशी,

गेले होते. छत्रीवाल्यांनी आधी चहा मागवला, समावेशनाबद्दल दोन वाक्यं छान बोलले, मग म्हणाले, अजून वेळ आलेली नाही. मी विचारलं, घंटा आठवते का? त्यांनी कप खाली ठेवला. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी उठले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, मी सोळावा." डोळे ओले होते, आणि माझेही.

तर सोळा झाले, बरोबर सोळा. काकांना मी काहीच सांगितलं नाही, गरजच उरली नाही. तुझा हात जाईल, ते सतरा मोजतील, वजा एक, सोळा, मंजूर. सभा दहा एप्रिलला दुपारी. तू काही करू नकोस, शांत बसून राहा.

वस्तीतून कोण येणार तेही ठरलंय. शिवणाचे क्लास घेणारी एक बाई आहे, धीट आहे, बोलते. साहेब म्हणाले, तिला खांबाजवळचीच खुर्ची देऊ, नवी कशाला करायची.

तुझी,
भिंगरी

१० एप्रिल

मावशी,

सभागृहातून थेट पोस्टात आलेय. फोन लावला, वाजतच राहिला. तू बरी आहेस एवढं आधी लिही. एकच ओळ पुरे.

ठराव आला. अध्यक्ष म्हणाले, बाजूने असणाऱ्यांनी हात वर करा. हात गेले. मी खांबाकडे कान लावून बसले होते. आवाज आला नाही. मला वाटलं चुकून ऐकू आला नसेल. काका मोजत गेले, सोळावर थांबले. परत पहिल्यापासून मोजलं. परत सोळा. त्यांचा चेहरा बघायला हवा होतास, घाम फुटला होता. आणि मग त्यांच्या तोंडून निघालं, "वजा एक. पंधरा."

अध्यक्ष म्हणाले, "ठराव नामंजूर."

माझं डोकंच चालेना. मला ठरावाचं दुःखही होईना. मला एवढंच दिसत होतं की हात आला नाही, म्हणजे मावशी गेली.

छत्रीवाल्यांचा हात अजून वरच होता. ते उभे राहिले. "माझा हात मोजलात ना?" काका म्हणाले, मोजला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "आणि माझा?" मोजला. मग एकेक करून सोळाच्या सोळा जणांनी विचारलं. सगळे मोजले होते. "मग वजा कुणाला केलंत?" छत्रीवाले ओरडलेच. प्रत्येकाला वाटत होतं आपल्यालाच केलं. या लोकांना असं कधी झालेलंच नव्हतं गं. एक बाई तर स्वतःच्या हाताकडे बघत बसल्या, तो आहे ना याची खात्री करत असल्यासारख्या.

काकांनी पहिल्यांदा खांबाकडे बघितलं. म्हणाले, "तो हात आज आलाच नाही. जिभेची सवय."

आणि मावशी, कुठला हात, असं एकाही माणसाने विचारलं नाही. म्हणजे इतकी वर्षं सगळ्यांना माहीत होतं. सगळे मूग गिळून बसले होते.

अध्यक्ष खाली बघत म्हणाले, हात नकोत, बाजूने असणाऱ्यांनी उभं राहून "मी आहे" म्हणा. सोळा उभे राहिले. मग समोरच्या बाजूचे दोघे उठले. अठरा. ठराव मंजूर. यापुढे असंच मतदान होणार, हेही तिथेच ठरलं. काका टेबलावर डोकं टेकून रडत होते.

लोक माझं अभिनंदन करत होते आणि मी बाहेर पळाले. तुझा हात का आला नाही?

भिंगरी

१५ एप्रिल

भिंगरी,

जिवंत आहे. फोन ऐकू आला, पण उठून उचलणार कशी? हात बांधलेला होता.

जाड ओढणीने खुर्चीला बांधून घेतला. गाठ शेजारणीने मारली. म्हणाली, "काय हो, चोर पकडलाय का?" म्हटलं, हो, जुना आहे.

मुद्दाम केलं. तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि अंगावर काटा आला. तीच खुर्ची. तू म्हणत होतीस तसा ठराव गुपचूप मंजूर झाला असता. ती शिवणवाली बाई हारतुरे घेऊन माझ्या खुर्चीत बसली असती, मताच्या अधिकारासह. खुर्ची भरली म्हणून माझा हात यायचा थांबला असता, पण काकांनी सवयीने हात मोजले असते आणि सवयीने एक वजा केला असता. कुणाचा गेला असता, सांग बरं? कागदावर ती सदस्य आणि मोजणीत माझी वारसदार. वजा करायची जीभ एकदा तरी त्यांच्यातल्याच कुणाला तरी लागायला हवी होती. बाकी माझ्याकडे होतं काय? एक हात. तो द्यायचा नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

तुला आधी सांगितलं असतं तर तू जाऊन काकांना सावध केलं असतंस. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं, फोटोतसुद्धा.

घाबरले नव्हते असं समजू नकोस. ठराव कायमचा पडला असता तर तुझ्या आजीला मी दुसऱ्यांदा काय तोंड दाखवलं असतं? हात तर असा ओढ घेत होता की खुर्ची सरकली. मी त्याला म्हणत होते, थांब, आजच्या दिवस थांब. मग एकाएकी त्याने ओढ सोडली. शेजारणीने गाठ सोडली तर मांडीवर नुसता पडून राहिला. मनगटावर वळ उठलेत.

तुला घाबरवलं, त्याचं वाईट वाटतं.

मावशी

१४ मे

प्रिय मावशी,

रागावले होते, म्हणून महिनाभर लिहिलं नाही. आता नाही रागावलेली.

काल सभा झाली. शिवणवाल्या बाई आल्या. त्यांनी खांबाजवळची खुर्ची स्वतःच उचलून अर्धगोलात आणून ठेवली. मतदानाला उठल्या आणि "मी आहे" म्हणाल्या, जरा जास्तच मोठ्याने. काका मोजून थांबले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी ओठ घट्ट मिटले, आणि मग होता तोच आकडा सांगितला.

खांबाजवळ मी बराच वेळ उभी राहिले. काही नव्हतं. नुसता खांब. मला मोकळं वाटायला हवं होतं, पण भरून आलं.

पुढच्या सभेत पुलाचा ठराव आहे. ये ना गं.

भिंगरी

८ जून

भिंगरी,

तेरा मेला दुपारी मी थांब्याच्या बाकावर मुद्दाम जाऊन बसले होते. हात मांडीवर ठेवला आणि वाट बघितली. गेला नाही. ज्याने एवढा छळ केला त्याची आठवण येईल असं वाटलं नव्हतं. रोज जाऊन बसायला लागले. येणाऱ्या बसेस बघायच्या, जाणाऱ्या बघायच्या. हात गप्प.

आज सकाळी परत बसले होते. तोच चालक आला. मला बघून त्याने वेग कमी केला, मग ओळखलं असावं, हसला आणि निघाला. तेव्हा मी हात वर केला. मी केला, भिंगरी. दुखला, पण पूर्ण वर केला.

बस थांबली. तो म्हणाला, "आजी, हात बिघडलाय का?" म्हटलं, "नाही. थांब, चढतेय."

हे बसमध्येच लिहितेय. अक्षर वाकडं दिसलं तर रस्ता खराब आहे, हात माझाच आहे. पुढच्या थांब्यावर पेटी दिसली की टाकते. बहुतेक मी पत्राआधी पोहोचेन. अंगावर आहे तेवढंच लुगडं आहे, तुझं काहीतरी काढून ठेव. आधी पुलावर उतरून पलीकडे जाऊन येईन, तुझ्या आजीचं घर होतं तिथपर्यंत. मग तुझ्याकडे. सभेला मला पुढे बसायचंय, जागा धर.

जेवायला थांबू नकोस, पण दार लावू नकोस.

तुझी मावशी